शेरा

पूर्वी या खोलीत सात टेबलं होती.
आता दोन, आणि एक स्कॅनर,
पोदेराच्या भट्टीसारखा तोंड उघडून बसलेला;
पान आत जातं, उजेड होतो, पान बाहेर.

म्हापशाच्या कोमुनिदाद कचेरीत
जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारी मी शेवटची.
शेपटी ओढलेला ‘एस’ कुठला आणि ‘एफ’ कुठला
हे मला ताविनो मास्तरांनी शिकवलं,
बिस्किटांच्या पुड्याच्या कागदावर,
तीन पावसाळे.
यंत्राला एक गुरुवार लागला.

रिद्धेश वळवईकर पर्वरीहून येतो. गोड मुलगा आहे.
म्हणाला, ताई, तुमचं काम जात नाही हो, बदलतंय.
आता तुम्ही वाचायचं नाही,
वाचलेलं तपासायचं.
बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल.
दिवसाला चारशे पानं.

खरं सांगायचं तर ते छान वाचतं.
मागच्या पानावरची शाई पुढे उमटलेली,
ओळीवर ओळ चढलेली,
तीही त्याने दोन्ही बाजूंनी सोडवली.
मी कौतुकाने दोनदा हिरवं दाबलं.

लोक खूश आहेत.
हळदोण्याचा एक म्हातारा, चौदा खेपा घातलेला,
माझा चहा निवायच्या आत दाखला घेऊन उठला.
दारात थांबून त्याने दोन्ही टेबलांकडे पाहिलं,
आभार कुणाचे मानायचे ते ठरेना,
मग स्कॅनरकडे बघून मान हलवून गेला.

मंगळवारी पुस्तक सेहेचाळीस, पान दोनशे बारा.
पान पडद्यावर आलं
आणि माझे हात आधी गार पडले, ओळख नंतर पटली.

अठ्ठ्याण्णव साल. मी नोकरीत नवी.
शिवोलीच्या एका घराचा कागद,
आणि समोर वकील, घड्याळाकडे बघत बसलेला.
सगळं भाषांतर केलं: माडांची संख्या,
व्हाळापर्यंतची हद्द, वार्षिक फोर.
समासात दीड ओळ होती, बारीक अक्षरात.
पुरुष वारस न उरल्यास जमीन परत.
त्या घरात तेव्हा पिएदाद एकटीच उरली होती.

मी शेरा लिहिला:
‘समासातील मजकूर वाळवीने खाल्ला आहे.’
सही केली. शिक्का मारला.
वाळवी नव्हती.

पिएदादला हे ठाऊक नाही.
ती मला ओळखतही नाही.
शुक्रवारच्या बाजारात चेपणीची तोरं विकते,
आणि एकदा तिने मला
दहा रुपये जास्तच लावले.

पडद्यावर ती दीड ओळ आता स्वच्छ मराठीत.
खात्री: अठ्ठ्याण्णव टक्के.
शेजारी माझं तेव्हाचं भाषांतर, सहीसकट,
आणि मध्ये पिवळ्या चौकटीत एक शब्द: तफावत.

पूर्वी असं काही निघालं की
आगुस्तीन शिपाई फाइल तळाशी सरकवायचा,
मोठे साहेब रजेवर जायचे,
तिसऱ्या टेबलावरचे कामत चष्मा शोधत राहायचे,
आणि दोन-चार वर्षं सहज निघून जायची.
तेव्हा त्याला आम्ही दिरंगाई म्हणायचो.
शिव्याही खाल्ल्या तिच्यासाठी,
आणि बहुतेक वेळा त्या योग्यच होत्या.

कोपऱ्यात आकडे चालू आहेत.
या पानावर: चार मिनिटे अकरा सेकंद.
आपली सरासरी: नऊ सेकंद.

हिरवं आणि लाल सोडून एक तिसरं बटण आहे,
राखाडी. अवाच्य.
मी ते दाबलं.
कारण लिहा, म्हणाला पडदा.
मी लिहिलं: वाळवी.

प्रतिमेत वाळवी आढळली नाही.
कृपया पुन्हा पाहावे.

पलीकडून रिद्धेशने विचारलं,
ताई, कुठे अडलं का?
नाही रे, म्हटलं,
वाचते आहे.